सेमाडोहचा वाहनचालक आणि दूरचे न्यायालय

परतवाडा मागे टाकून घटांग ओलांडले की रस्ता सातपुड्याच्या सागवानी रानात शिरतो. वळणावळणांनी उतरत तो सिपना नदीकाठच्या सेमाडोह गावी पोहोचतो. चिखलदरा तालुक्यातील हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात वसलेले असून १९७४ साली हा प्रकल्प जाहीर झाल्यापासून वन्यजीवप्रेमींना ते परिचित आहे. पुढे हाच रस्ता हरिसाल, धारणी करीत मध्यप्रदेशातील बऱ्हाणपूरकडे जातो. अमरावती हे जिल्ह्याचे ठिकाण येथून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. डोंगराआड गेले की भ्रमणध्वनीचा संपर्क तुटतो आणि सरकारी कामासाठी घराबाहेर पडायचे तर अख्खा दिवस मोडतो.

अशा गावातील एका जीपचालकाची कल्पना करावी. बाजारासाठी तो परतवाड्याला येतो, भ्रमणध्वनीला संपर्क मिळतो आणि पडद्यावर एक संदेश उमटतो: नागपूर शहरातील एका चौकात लाल दिवा ओलांडल्याबद्दल आपल्या वाहनावर चलन करण्यात आले आहे. त्या दिवशी तर जीप सेमाडोहातच उभी होती! बहुधा छायाचित्रातील क्रमांकाचा एखादा आकडा चुकीचा वाचला गेला असावा. दंडाची रक्कम काही शे रुपये. पण नागपूरला जाऊन यायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी, प्रवासखर्च आणि मुक्काम. तारखा जितक्या, तितक्या वेळा हा खर्च. “गुन्हा केला नाही, पण दंड भरणेच स्वस्त,” असा हिशेब त्याच्या मनात येतो. त्यापाठोपाठ एक साधा प्रश्नही येतो: हे प्रकरण नागपूरऐवजी अमरावती जिल्ह्यातील न्यायालयात चालवून मिळणार नाही काय?

प्रश्न एका चालकाचा नाही. ट्रॅक्टर, दुचाकी, काळीपिवळी, मालमोटार अशी वाहने आज दुर्गम खेड्यांतही पोहोचली आहेत आणि ती जिल्ह्याच्या, किंबहुना राज्याच्या सीमा ओलांडून धावतात. म्हणून या प्रश्नाचे कायद्यातील उत्तर प्रत्येक वाहनधारकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

न्यायालयाचे ठिकाण कसे ठरते?

फौजदारी न्यायव्यवस्थेचा मूळ नियम असा की, गुन्हा ज्या न्यायालयाच्या स्थानिक हद्दीत घडला, त्याच न्यायालयात साधारणतः त्याची चौकशी व्हावी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा नियम कलम १७७ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने घेतली असून तोच नियम आता कलम १९७ मध्ये आहे. आरोपी राहतो कोठे किंवा वाहनाची नोंदणी कोणत्या जिल्ह्यात झाली, यावर न्यायालयाचे ठिकाण अवलंबून नसते. वाहन अमरावतीचे असले तरी लाल दिवा नागपुरात ओलांडला असल्यास खटला नागपुरातच चालावयाचा.

हा नियम केवळ शासनयंत्रणेच्या सोयीसाठी केलेला नाही. घटना जेथे घडली तेथे साक्षीदार असतात, तो चौक असतो, तेथील फलक व दिवे असतात आणि चलन करणारा पोलीस अंमलदारही तेथेच नेमणुकीस असतो. प्रकरण दुसरीकडे हलविले की आरोपीचा प्रवास वाचतो, परंतु साक्षीदारांचा प्रवास सुरू होतो. यास्तव न्यायालयाच्या ठिकाणाची निवड कायद्याने आरोपीच्या मर्जीवर सोडलेली नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात वाहतूक गुन्ह्यातील आरोपीस काही परिस्थितीत जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणच्या न्यायालयाची मागणी हक्काने करता येते. आपल्याकडे असा हक्क नाही. आपल्याकडे आहे ती विनंती, आणि ती मान्य करावयाची की नाही हे वरिष्ठ न्यायालयाच्या विवेकावर सोपविलेले आहे.

तथापि, येथेच वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. न्यायालय दूर असणे आणि तेथे प्रत्यक्ष जावे लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खटला न हलविताही प्रवास टाळण्याचे अनेक मार्ग कायद्याने उपलब्ध केले असून बहुतेकांचे काम तेवढ्यानेच भागते.

चलन म्हणजे शिक्षा नव्हे

चलन हाती पडले म्हणजे शिक्षा झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. चलन ही गुन्हा घडल्याच्या आरोपाची सूचना होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० अन्वये त्या कलमात नमूद केलेल्या गुन्ह्यांबाबत राज्य शासनाने ठरवून दिलेली रक्कम भरून प्रकरण न्यायालयात जाण्यापूर्वी वा नंतर आपसात मिटविता येते. यालाच व्यवहारात तडजोड शुल्क म्हणतात. मद्यप्राशन करून वाहन चालविण्याचा गुन्हा मात्र या यादीत नाही. त्यासाठी न्यायालयाला सामोरे जाणे अटळ आहे.

आरोप मान्य नसेल तर रक्कम भरण्याची घाई करू नये. चलनासोबत जोडलेले छायाचित्र प्रथम बारकाईने पाहावे. वाहनाचा प्रकार, रंग, क्रमांक, दिनांक, वेळ व ठिकाण यांपैकी एखादी गोष्ट जुळत नसल्यास महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावरून किंवा संबंधित वाहतूक शाखेकडे लेखी हरकत पाठवावी. आपल्या वाहनाचे छायाचित्र व नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत द्यावी. कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांच्या आत पाठविली जावी, अशी तरतूद २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत समाविष्ट झालेल्या नियम १६७-अ मध्ये आहे. हरकतीच्या मुदती व पद्धती नियमांतील बदलांनुसार बदलत असतात. म्हणून आपल्या हाती आलेल्या चलनावर दिलेली मुदत प्रमाण मानावी.

वाहन विकले, परंतु नोंदणी पुस्तकात आपलेच नाव राहिले, हेही अशा चलनांचे एक नेहमीचे कारण असते. वाहन राज्यातल्या राज्यात विकल्यास हस्तांतरणाची माहिती १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे कलम ५० अन्वये विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ही काळजी घेतली नाही, तर दुसऱ्याच्या चुकीचे समन्स आपल्या दारी येते.

आभासी न्यायालय

चलनाचा निकाल त्या पातळीवर लागला नाही, तर प्रकरण न्यायालयाकडे जाते. येथेही अलीकडे मोठा बदल घडून आला आहे. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपुरात झालेल्या समारंभात तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते महाराष्ट्रातील वाहतूक चलनांसाठीच्या आभासी न्यायालयाचे उद्घाटन झाले. ‘आभासी’ म्हणजे खोटे नव्हे; येथील न्यायदंडाधिकारी खरेच असतात. फक्त पक्षकारास त्यांच्यापुढे उभे राहावे लागत नाही. प्रकरणाची माहिती संदेशाने कळते, संकेतस्थळावर वाहन क्रमांक किंवा चलन क्रमांक देऊन ती पाहता येते आणि दंड मान्य असल्यास तेथेच भरून प्रकरण निकाली निघते.

ज्याला आरोप मान्य नाही, त्याच्यासाठी त्याच ठिकाणी ‘प्रकरण लढवावयाचे आहे’ असा पर्याय ठेवलेला आहे. तो निवडला की प्रकरण आभासी न्यायालयातून निघून नियमित न्यायालयाकडे वर्ग होते. आणि ते न्यायालय म्हणजे अर्थातच घटना जेथे घडली तेथील. न्यायालयाच्या ठिकाणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो या टप्प्यावर.

एक सावधगिरीची सूचना येथेच देणे इष्ट. चलनाच्या नावाखाली बनावट संदेश पाठवून पैसे उकळण्याचे प्रकार घडतात. संदेशातील दुव्यावर विसंबून रक्कम भरू नये किंवा त्यातून एखादे ॲप उतरवून घेऊ नये. शासकीय संकेतस्थळ स्वतः उघडून खात्री करावी.

न जाताही हजर राहता येते

दूरच्या न्यायालयाचे समन्स आले तरी मोटार वाहन अधिनियमाचे कलम २०८ वाहनधारकाच्या साहाय्यास येते. ज्या गुन्ह्यास केवळ दंडाची शिक्षा आहे, त्याच्या समन्सवरच न्यायालयाने दोन पर्याय नमूद करावयाचे असतात. पहिला, आरोपीने स्वतः किंवा वकिलामार्फत हजर व्हावे. दुसरा, सुनावणीपूर्वीच्या ठरावीक दिनांकापर्यंत मनीऑर्डरच्या कुपनावरच गुन्हा कबूल करून न्यायालयाने नमूद केलेली रक्कम मनीऑर्डरने पाठवावी. १९३९ च्या जुन्या मोटार वाहन कायद्यातही कलम १३० अन्वये ही सोय होती. कलमाची भाषा टपालाच्या जमान्यातील आहे. आभासी न्यायालयातून ऑनलाईन दंड भरणे हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा होय. इंग्लंडमध्येही २०१५ पासून किरकोळ गुन्ह्यांची प्रकरणे एकच न्यायाधीश केवळ कागदपत्रांवरून निकाली काढू शकतात.

ज्याला गुन्हा कबूल नाही, त्याने यांपैकी पहिला पर्याय नीट वाचावा. त्यात ‘वकिलामार्फत’ हा शब्द आहे. शिवाय, वैयक्तिक हजेरी माफ करून वकिलामार्फत हजर होण्याची परवानगी देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२८ अन्वये आहे. कलम ५३० नुसार न्यायालयीन कामकाज, साक्षीपुरावा धरून, इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालविता येते. तेव्हा “मी अमुक ठिकाणी राहतो, मजुरीवर उदरनिर्वाह करतो, माझी हजेरी माफ करावी किंवा दूरचित्रसंवादाद्वारे नोंदवावी,” असा साधा अर्ज त्याच न्यायालयाकडे करणे हा खटला हलविण्यापेक्षा पुष्कळ सोपा मार्ग आहे. मात्र अर्ज केला म्हणजे तो मंजूर झाला असे समजू नये. आदेश हाती येईपर्यंत तारीख चुकविली, तर वॉरंट निघण्याचा धोका असतो.

खटला हलविण्याची मागणी

इतके करूनही अडचण उरत असेल, तर खटला दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करण्याची मागणी करता येते. त्यासाठी कायद्यात पायऱ्या आखून दिलेल्या आहेत. कोणत्या पायरीवर जावयाचे हे दोन न्यायालयांमधील सीमेवरून ठरते.

दोन्ही न्यायालये एकाच जिल्ह्यातील असतील, म्हणजे चलन अमरावती शहरातील असून प्रकरण मेळघाटाला जवळच्या न्यायालयात हवे असेल, तर सत्र न्यायाधीशांकडे कलम ४४८ अन्वये अर्ज करावा. न्यायाच्या हितासाठी तसे करणे इष्ट वाटल्यास आपल्या सत्र विभागातील एका फौजदारी न्यायालयातील प्रकरण ते दुसऱ्याकडे सोपवू शकतात. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनाही आपल्या अधिनस्थ दंडाधिकाऱ्याकडील प्रकरण काढून घेऊन दुसऱ्या सक्षम दंडाधिकाऱ्याकडे देण्याचा अधिकार कलम ४५० ने दिला आहे.

दोन्ही न्यायालये निरनिराळ्या जिल्ह्यांतील पण एकाच राज्यातील असतील, म्हणजे आपल्या जीपचालकाप्रमाणे नागपूरचे प्रकरण अमरावती जिल्ह्यात हवे असेल, तर अर्ज कलम ४४७ अन्वये उच्च न्यायालयाकडे जातो. विदर्भातील जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे. निःपक्ष सुनावणी होणार नाही अशी रास्त भीती, कायद्याचा असाधारण गुंतागुंतीचा प्रश्न, पक्षकारांची किंवा साक्षीदारांची सर्वसाधारण सोय आणि न्यायाचे हित ही कारणे या कलमात मान्य केलेली आहेत. मात्र एकाच जिल्ह्यातील बदलीसाठी थेट उच्च न्यायालयात जाता येत नाही. आधी सत्र न्यायाधीशांकडे अर्ज करून तो नामंजूर झालेला असावा लागतो.

तिसरी पायरी सेमाडोहकरांना विशेष जवळची आहे, कारण त्यांच्या गावावरून जाणारा रस्ताच राज्याची सीमा ओलांडतो. चलन बऱ्हाणपूर येथील असेल, तर तेथील न्यायालये मध्यप्रदेश उच्च न्यायालयाच्या अधिकारितेत येतात. तेथील खटला महाराष्ट्रात आणण्याचा अधिकार कलम ४४६ अन्वये केवळ सर्वोच्च न्यायालयास आहे. धारणीहून बऱ्हाणपूर जवळ, आणि खटला हलविण्याचा रस्ता मात्र दिल्लीहून! किरकोळ दंडाच्या प्रकरणात हा मार्ग व्यवहार्य नाही, हे वेगळे सांगावयास नको. तेथे हजेरीतून सूट व वकिलामार्फत उपस्थिती हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

अर्जात काय असावे?

अर्जात प्रकरणाचा क्रमांक, न्यायालयाचे नाव, आरोपाचे कलम, घटनेचा दिनांक व ठिकाण, आपले राहण्याचे ठिकाण, तेथून न्यायालयाचे अंतर, प्रवासाची उपलब्ध साधने आणि कोणत्या न्यायालयात प्रकरण हवे आहे या बाबी स्पष्ट लिहाव्यात. आजारपण, अपंगत्व, घरी असलेले तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले आईवडील अशी कारणे असल्यास त्यांचे दाखले जोडावेत. आपल्या बाजूचे साक्षीदार गावातीलच असतील, तर ते आवर्जून नमूद करावे, कारण साक्षीदारांची सोय हे कायद्याने मान्य केलेले कारण आहे. जीप त्या दिवशी सेमाडोहातच होती हे सांगणारा शेजारी नागपूरला आणणे किती अवघड आहे, हे न्यायालयापुढे मांडता येते.

अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागते. आरोपीने अर्ज केला असल्यास त्याची लेखी सूचना, कारणांच्या प्रतीसह, सरकारी अभियोक्त्यास द्यावी लागते आणि ही सूचना व सुनावणी यांत किमान २४ तासांचे अंतर असावे लागते. अर्ज दाखल झाल्याने मूळ खटला आपोआप थांबत नाही. स्थगिती हवी असल्यास ती निराळी मागावी लागते. अर्ज निरर्थक किंवा केवळ त्रास देण्यासाठी केलेला आढळल्यास विरोध करणाऱ्या पक्षास भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. म्हणून कारण खरे असावे आणि ते वाढवून सांगू नये.

न्यायालये या अर्जांकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. मनेका संजय गांधी विरुद्ध राणी जेठमलानी या प्रकरणात मुंबईच्या दंडाधिकाऱ्यापुढील बदनामीची फिर्याद अन्यत्र हलवावी, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे करण्यात आली होती. १९७९ च्या निर्णयसंग्रहांत प्रसिद्ध झालेल्या या निर्णयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असे स्पष्ट केले की, निःपक्ष न्याय मिळण्याची शाश्वती हाच यातील मुख्य निकष आहे. एका पक्षकाराची तुलनात्मक गैरसोय एवढे कारण पुरेसे नाही. मागणी फेटाळण्यात आली. त्याचबरोबर वैयक्तिक हजेरीतून सूट देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याने उदारपणे वापरावा, असेही न्यायालयाने सुचविले. देशातील एका बड्या घराण्यातील व्यक्तीला लागू झालेला हा विचार सेमाडोहच्या जीपचालकालाही तितकाच लागू पडतो: न्यायालय हलणे अवघड, पण हजेरीची सक्ती सैल होणे शक्य.

विनामूल्य विधी साहाय्य

“वकील करा असे सांगणे सोपे, पण त्याची फी कोठून द्यावयाची?” हा यापुढील प्रश्न. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये त्याचे उत्तर आहे. अनुसूचित जमाती व अनुसूचित जातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी सेवेचा हक्क या कलमाने दिला आहे. मेळघाटातील कोरकू बांधव अनुसूचित जमातीत मोडतात. अर्थात त्यांच्यापैकी कोणासही अशा प्रकरणात शासकीय खर्चाने वकील मागता येतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा अमरावती येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही मार्गदर्शनासाठी उपलब्ध आहे. प्रकरण नागपुरात असले तरी तेथील जिल्हा प्राधिकरणाकडून वकील मिळू शकतो, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही.

वेळोवेळी भरणाऱ्या राष्ट्रीय लोकअदालतींत वाहतुकीची प्रकरणेही ठेवली जातात. तेथे तडजोडीने निकाल होतो, न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि निवाडा अंतिम असतो. त्याविरुद्ध अपील करता येत नाही. ज्याला चूक मान्य आहे, त्याच्यासाठी हा मार्ग सोयीचा. ज्याला आरोपच मान्य नाही, त्याने मात्र तडजोडीवर सही करण्यापूर्वी विचार करावा.

शेवटी निर्णय कोणता?

आता पुन्हा आपल्या जीपचालकाकडे वळू. त्याने प्रथम चलनाचे छायाचित्र पाहावे आणि क्रमांक चुकीचा वाचला गेल्याची हरकत मुदतीत पाठवावी. तेवढ्याने चूक दुरुस्त झाली, तर न्यायालयाचा प्रश्नच उरत नाही. ती झाली नाही, तर आभासी न्यायालयात रक्कम न भरता प्रकरण लढविण्याचा पर्याय निवडावा, विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागावा आणि हजेरी माफीचा अर्ज करावा. खटला हलविण्याची मागणी ही त्यानंतरची, अखेरची पायरी.

लाल दिवा खरोखरच ओलांडला असेल, तर दंड भरून मोकळे होण्यात कमीपणा नाही. रस्त्यावरील शिस्त ही आपल्याच जिवाची राखण आहे. पण केवळ न्यायालय दूर आहे म्हणून न केलेला गुन्हा कबूल करणे हे मात्र कोणी करू नये. अशी कबुली दप्तरी राहते आणि तोच गुन्हा पुन्हा घडल्यास दुसऱ्या गुन्ह्याची वाढीव शिक्षा पुढे उभी ठाकते. सेमाडोह ते न्यायालय हे अंतर कायद्याने नाहीसे केलेले नाही. परंतु ते अंतर पायी तुडविल्यावाचूनही आपले म्हणणे तेथवर पोहोचविता येईल, अशी व्यवस्था त्याने करून ठेविली आहे. तिचा लाभ घेणे आपल्या हाती आहे.